एकतीस नोव्हेंबर

ऑगस्टात सभागृह बंद असतं
तेव्हा मी पुढच्या हंगामाची पुस्तिका लिहितो.
एक्केचाळीस कार्यक्रम, प्रत्येकी साठ शब्द,
आणि निम्म्या कलाकारांना मी कधी ऐकलेलंही नाही.
सप्टेंबर संपेतो 'मंत्रमुग्ध' संपलेलं असतं,
ऑक्टोबरात 'अविस्मरणीय' दोनदा होऊन जातं,
नोव्हेंबरसाठी काहीच उरत नाही.
तसंही टांपेरेत नोव्हेंबरसाठी
कुणाकडेच काही उरत नाही.
साडेतीनला दिवस मिटतो.

मुद्रितं तपासायला आउने केट्टुला येते.
सत्तावीस वर्षं ती इथे कोट सांभाळते.
उन्हाळ्यात कोट नसतात, म्हणून हे काम.
"'आत्म्याला स्पर्श करणारा सॅक्सोफोन',"
ती मोठ्याने वाचते,
"नेमका कुठे स्पर्श करतो म्हणालास?"
मी म्हणतो, लोकांना आवडतं असं.
ती लाल पेन्सिलीने खोडते,
कागदाला मागून वळ उठेल इतकं.

मग कुणी विचारलेलं नसताना सांगते
की इथला एकही कार्यक्रम तिने पाहिलेला नाही.
मधली भिंत साठ सेंटिमीटर.
सूर तिच्यात जिरतात, शब्द तर दारातच अडतात.
अलीकडे पोचतो फक्त बास,
तोही कानात नाही, हँगरांत:
चारशे कोट खांद्यातून किंचित हलतात,
अनोळखी घरी दाद द्यायला संकोचल्यासारखे.

"जॅझला लोकरीचे कोट, खिशात खोकल्याच्या गोळ्या.
परत न्यायला येतात ते घाईत नसतात,
टोकन बोटांत, आणि काउंटरवर अजून
टक टकटक, टक टकटक.
पॉपला कोटच नाहीत.
उणे बारातही पोरं उघड्या दंडांनी येतात
तीन युरो वाचवायला,
आणि जाताना घोड्यांसारखी वाफाळतात.
जागतिक संगीताला मात्र सांगता येत नाही.
एकदा एक कोट उलटा टांगला गेला
तर खिशातून खजुराच्या बिया, मूठभर.
मी मोजून परत ठेवल्या."

वर बाल्कनीत व्हॅक्यूम थांबतो.
बाकारी सान्नेह कठड्यावरून वाकतो.
"जागतिक म्हणजे कुठल्या जगाचं?
अर्धा भोपळा, कातडं, एकवीस तारा.
ब्रिकामाला, आमच्या गल्लीत,
त्याला नुसतं लग्न म्हणतात."
व्हॅक्यूम सुरू होतो.

त्या रात्री मी सगळी पुस्तिका पुन्हा लिहिली.
बारा ऑक्टोबर. पियानो, डबल बास, ड्रम.
लोकरीचा कोट आणा, घाई घरी ठेवा.
तीन नोव्हेंबर. पाच मुली, एक ढोल, प्रचंड दिवे.
कोट नको. थंडी वाजेल. वाजू दे.
मग कोरा, गांबियाहून.
लग्नाला येता तसे या.

संचालिकाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.
म्हणाल्या, छापखान्याची वेळ टळलीय,
जाऊ दे असंच.

बारा हजार प्रती आल्या तेव्हा दिसलं,
विशेषणं खुडण्याच्या नादात
एक आकडा आम्हा दोघांच्या बोटांतून निसटलाय.
कोऱ्याच्या रात्रीपुढे छापलंय
एकतीस नोव्हेंबर.

मी शाईची बाटली शोधत होतो,
बारा हजार वेळा एक दिवस मागे सरकवायला,
तेवढ्यात तिकीटखिडकीवरून पिर्क्कोचा फोन.
त्या तारखेची चार गेलीसुद्धा.
कुणी काही विचारलं नाही?
विचारलं ना, ती म्हणाली.
एका म्हाताऱ्याने विचारलं,
लग्नाला आहेर काय आणायचा.

आता चिठ्ठ्या छापल्यात,
तारीख तीस, क्षमस्व, वगैरे.
प्रतींवर त्या चिकटवतोय रोज दोनशे.
आउने मदत करत नाही.
तिने काउंटरमागे एका खिळ्यावर
चार हँगर वेगळे काढलेत.
क्रमांक लावले नाहीत त्यांना.